आईच्या कुंडीतली मूठभर माती

थोरलीच्या नजरेतून कण सुटत नसे. हे ती स्वतः सांगायची आणि कारखान्यातले लोकही सांगायचे. एकतीस वर्षं ती औषधाच्या कारखान्यात कुप्या तपासायच्या टेबलावर बसली. एका हातात चार कुप्या मानेशी धरायच्या, हलकेच उलट्या करायच्या, दिव्याच्या उजेडात आधी काळ्या पाटीसमोर न्यायच्या, मग पांढऱ्या. काळ्यावर धागा दिसतो, पांढऱ्यावर गडद कण. दिसला की कुपी लाल ट्रेमध्ये. ती निवृत्त झाली त्या दिवशी साहेब म्हणाले, "बाईंनी नाकारलेली कुपी परत तपासायची वेळ आमच्यावर कधी आली नाही." थोरलीनं ते वाक्य घरी आणलं आणि पुढं शेजाऱ्यांना, दुकानदारांना, जिना झाडणाऱ्या बाईला, सगळ्यांना त्याच मापानं मोजलं. धाकट्या बहिणीला तर त्याच्या कितीतरी आधीपासून.

धाकटीला घरात चिमी म्हणत. पन्नाशी उलटली तरी चिमीच. ती केस कापायची. चार खुर्च्यांच्या दुकानात खिडकीजवळची खुर्ची तिची होती, आणि लोक तिच्यासाठी ताटकळत बसायचे. पण थोरलीच्या घरात त्या हातांना किंमत नव्हती. कारण चिमीच्या हाताला गुण नव्हता, आणि ते झाडांनी सिद्ध केलं होतं.

झाडं आईची. म्हणजे मूळ झाड एकच: बांबूसारखी पेरं असलेलं, लांबट पानांवर चंदेरी ठिपके पडलेलं एक बेगोनिया. घरात त्याला नुसतं 'ठिपकी' म्हणायचे. ते आईनं तरुणपणी लावलं, आणि त्याच्या काड्या तोडून तोडून गॅलरीभर पिल्लावळ केली. आईची एक रीत होती. कुणाला रोप दिलं की त्याबरोबर मोठ्या कुंडीतली मूठभर माती द्यायची. नव्या घरी रोपाला परकं वाटू नये म्हणून. आई गेल्यावर थोरलीनं ही रीत मोडली नाही. तिनं एक सुधारणा मात्र केली: चौतीसच्या चौतीस कुंड्या एकाच लांब ट्रेमध्ये ठेवल्या. ट्रे भरला की सगळ्यांना खालून पाणी. थेंबही वाया जात नसे.

अकरा वर्षांत चिमीनं चार वेळा ठिपकी नेली आणि चारही वेळा मारली. दर वेळी दीड-दोन महिन्यांनी ती मेलेलं रोप कुंडीसकट पिशवीत घालून घेऊन यायची, अपराध्यासारखी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, "ताई, गेलं गं."

"माणसांचे केस बरे वाढतात तुझ्याकडे."

"अगं, माझ्या हाताखालून हजारो डोकी गेली, एकही वाळलं नाही. हेच का वाळतं?"

"डोक्याला पाणी तू घालत नाहीस ना, म्हणून."

दोघी हसायच्या. मग थोरली त्या कुंडीतली माती परत आईच्या मोठ्या कुंडीत ओतायची. चांगली माती टाकवत नाही.

चौथ्या वेळी चिमी म्हणाली होती, "ताई, मुळं मी धुऊन पाहिली. पांढरं पांढरं काहीतरी होतं, कापसासारखं."

"बुरशी. पाणी पाजून पाजून मारलंस."

"हलत होतं गं ते."

"तुझे डोळे हलत असतील. चष्मा बदल."

झाडांपुरतं हे राहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आई शेवटचे पाच महिने अंथरुणाला खिळून होती, तेव्हा चिमी दर रविवारी यायची. एकदा ती आईला भरवायला बसली, तर थोरलीनं तिच्या हातातली वाटी काढून घेतली. "दे इकडे. तुझा हात लागलेलं काही जगत नाही." चेष्टाच होती. चिमी हसली, आईही खोल गेलेल्या आवाजात हसली. पण म्हातारं माणूस कुठली गोष्ट धरून बसेल, सांगता येत नाही. त्यानंतर चिमीनं पेला पुढं केला की आई मान फिरवायची. तहान लागली तरी थोरली येईपर्यंत थांबायची. थोरलीनं ते पाहिलं होतं आणि, खरं सांगायचं तर, तिला ते आवडलंही होतं. नंतर चिमीनं आईची ठिपकी मागितली तेव्हा थोरली म्हणाली, "शेवटची खूण आहे, चिमे. तुझ्याकडे कशी देऊ?" चिमीनं पुन्हा मागितली नाही.

या वर्षी थोरलीची ठिपकी पिवळी पडायला लागली.

आधी खालची पानं, मग मधली. थोरलीनं खत घातलं. मग पाणी तोडलं. मग पुन्हा खत. एकामागून एक सगळ्या कुंड्या मान टाकायला लागल्या. थोरलीनं तपास केला आणि गुन्हेगार दोन मिनिटांत सापडला: दोन महिन्यांपूर्वी चिमीनं नेच्याची एक कुंडी आणून दिली होती, तीही याच ट्रेमध्ये होती. त्याच सुमारास चिमीच्या नवऱ्याची बदली ठरली होती. महिनाअखेरीला ती दोघं दूरच्या शहरात जायची होती. 'जाता जाता देऊन गेली,' थोरली मनाशी म्हणाली आणि एक लहान कुंडी पिशवीत घालून रोपवाटिकेत गेली.

रोपवाटिकेचा मालक साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस होता. त्यानं पानांकडे पाहिलंसुद्धा नाही. खोड दोन बोटांमध्ये धरून त्यानं मातीवर तळवा ठेवला, कुंडी उलटी केली, तिची कड टेबलावर आपटली आणि मातीचा गोळा अख्खा हातात काढला. मुळांवर, कुंडीच्या आतल्या अंगाला, पिठी भुरभुरावी तसा पांढरा थर होता. त्यानं थोरलीच्या हातात भिंग दिलं.

पिठी चालत होती. फिकट, गोलसर, टाचणीच्या डोक्याहून लहान जीव मुळांना चिकटून बसले होते, आणि उजेड पडल्यावर काही अगदी सावकाश, म्हातारीच्या चालीनं, खाली सरकत होते.

"हे काय आहे?"

"मावा."

"मावा पानांवर असतो. मला कळतो."

"हा मुळांवरचा. वरून काही दिसत नाही. पानं पिवळी पडली की आपण म्हणतो खत कमी पडलं, खत घालतो. मग म्हणतो पाणी जास्त झालं, पाणी तोडतो. खाली हे पीत बसलेलेच."

"पिठ्या ढेकूण नसेल कशावरून?"

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "त्याला कडेनं झालर असते, बाई. हा गुळगुळीत आहे. बघा ना."

तिनं पाहिलं. झालर नव्हती.

"माझ्या बहिणीनं दोन महिन्यांपूर्वी एक नेचा आणला. त्यातूनच आलं असणार."

"किती कुंड्या आहेत?"

"चौतीस."

"दोन महिन्यांत चौतीस? ही तर जुनी वस्ती दिसते." त्यानं नखानं पांढरा थर खरवडला. "मुंग्या असतात का?"

"मुंग्या आईच्या वेळेपासून आहेत. आई म्हणायची, त्या माती भुसभुशीत करतात."

"मुंग्या फुकट राहत नाहीत, बाई. हा मावा गोड चिकटा सोडतो, त्या तो चाटतात. त्या बदल्यात याला राखतात, उचलून या मुळावरून त्या मुळावर नेऊन ठेवतात. गुरं राखल्यासारखं." त्यानं हात पुसले. "आणि या सगळ्या माद्या. नर लागतच नाही. आई मुलीला जन्म देते तेव्हा त्या मुलीच्या पोटात तिची मुलगी तयार असते. एक आली तरी पुरते."

"मग आईचं झाड इतकी वर्षं जगलं कसं?"

"मोठी कुंडी, जुनं झाड, मुळं भरपूर. खाल्ली तितकी नवी येतात. थकलं की एक दिवस बसतं, तसं आता बसलं. लहान रोपाला नाही सोसत. चार मुळं असतात बिचाऱ्याला, दीड-दोन महिन्यांत संपतं." मग त्यानं सहज विचारलं, "रोप कुणाला देता तेव्हा जुनी माती नाही ना देत?"

"मूठभर देतो."

मातीचा गोळा त्यानं पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली.

"तेवढी पुरते," तो म्हणाला.

औषध ओतून भागेल का, असं तिनं विचारलं. वरचे मरतील, आतले राहतील, असं उत्तर आलं. शेंडे तोडून धुऊन पाण्यात ठेवा, नवी मुळं फुटली की नव्या मातीत लावा, बाकी सगळं टाकून द्या, कुंड्या आणि ट्रे उकळत्या पाण्यानं धुवा. एवढंच.

घरी येऊन थोरलीनं गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि नेचा उलटा केला. तिला अजून आशा होती. पण मुळं तपकिरी, स्वच्छ होती. फक्त तळाशी, पाण्याच्या छिद्रापाशी, चार-दोन पांढरे ठिपके. आतल्या बाजूला काही नाही. म्हणजे नेच्यातून ट्रेमध्ये नव्हे, ट्रेमधून नेच्यात. नंतर तिनं आईच्या कुंडीत बोट घातलं. पहिल्या पेरापासून खाली सगळं पांढरं होतं.

एकतीस वर्षं दिव्यासमोर बसलेल्या बाईच्या दिव्याखाली अंधार निघाला.

तरी एका नमुन्यावर अख्खा लॉट नाकारत नाहीत. आणखी नमुने घ्यावे लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली, जिथं जिथं रोपं दिली होती त्या घरांची यादी मनात धरून, खाली उतरली.

पहिल्या मजल्यावर एक शिंपीण राहायची. तिच्या शिलाई मशीनच्या मागं, खिडकीत, ठिपकी कशी टवटवीत उभी होती. थोरलीला इतकं हायसं वाटलं की नेहमीसारखं दारातूनच न बोलता ती पहिल्यांदाच सरळ आत गेली. शिंपीण घाईनं उठून मध्ये आली, पण उशीर झाला. थोरलीनं पान हातात धरलं होतं. अस्तराचं हिरवं कापड, कडेनं बारीक टाका, ठिपके चंदेरी टिकल्यांचे.

"कधी गेलं?"

"झाली की पाच-सहा वर्षं," शिंपीण कानकोंडी होऊन म्हणाली. "तुम्ही इतक्या प्रेमानं दिलेलं. येता-जाता दारातून बघायचात, 'छान आलंय हो' म्हणायचात. कसं सांगणार? म्हणून मग चिंध्यांतून..."

पाच-सहा वर्षं. थोरली पान हातात धरून किती वेळ उभी होती, तिचं तिलाच कळलं नाही. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याच मातीत खोट होती."

"जाऊ द्या हो, झाडच ते."

तिसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. त्यांचं रोप दोन महिन्यांत वाळलं होतं. त्यांनी बाजारातून दुसरं आणून त्याच कुंडीत ठेवलं होतं, तेही गेलं, मग तिसरं आणलं होतं. "तुम्हाला वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी रोप भावाला दिल्याचं सांगितलं, आणि थोडं खोदल्यावर तसा भाऊ नसल्याचंही. नऊ घरांपैकी आठ घरांत ठिपकी मेली होती. नववं घर बंद होतं. सगळ्यांनी तिचं मन राखलं होतं. मेलेलं रोप पिशवीत घालून परत आणून, समोर ठेवून, "ताई, गेलं गं" असं खरं सांगणारी एकच निघाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती थोरलीनं अकरा वर्षं रोज थोडी थोडी दिली होती.

महिनाअखेरीला अजून तीन आठवडे होते. आईच्या झाडाचा एक निरोगी शेंडा तिनं तोडला, वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुतलं, आणि स्वच्छ काचेच्या बाटलीत ठेवला. बाकी झाडं पिशव्यांत बांधून कचऱ्यात दिली. आईची कुंडी तीनदा उकळत्या पाण्यानं धुतली. चिमीचा फोन दोनदा आला. थोरली सामानाबद्दल बोलली, गाडीबद्दल बोलली. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, समोर बसून सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं: 'चिमे, कीड माझ्याच मातीत होती. तुझ्या हाताला काही झालेलं नाही.' दोनच वाक्यं. भांडी घासताना, दात घासताना ती म्हणून बघायची. बिनचूक यायची. तिसऱ्या आठवड्यात शेंड्याला मुळं फुटली, शिवणाच्या दोऱ्यासारखी पांढरी. या पांढऱ्याला पाहून आधी ती दचकलीच.

शनिवारी सकाळी अकराला चिमी आली. दुपारची गाडी होती. आत येताच ती गॅलरीच्या दारात थबकली.

"अगं बाई! ही अशी बोडकी कुणी केली? माझ्याहून तूच बारीक कापतेस की."

"कीड लागली. टाकावं लागलं सगळं."

"आईचं पण?"

"आईचं पण. शेंडा तेवढा वाचवला." थोरलीनं बाटली टेबलावर तिच्यापुढं ठेवली. "तुझ्यासाठी."

चिमीनं बाटलीला हात लावला नाही. मांडीवर पर्स धरून ती बघत राहिली.

"आणि मूठभर माती?"

"माती नको या वेळी."

"का? आईची रीत आहे. परकं वाटेल त्याला."

"कीड मातीत असते. बाजारातून नवी आण."

"असं होय." चिमीनं पर्सची चेन उघडली, लावली. "पण इतकी कीड आली कुठून गं, ताई? तुझं तर सगळं इतकं स्वच्छ."

वाक्य जिभेवर होतं. थोरलीला ते जवळजवळ चवीसारखं जाणवत होतं. समोर चिमी बसली होती, तिचे आखूड नखांचे, कात्रीनं घट्टे पडलेले हात पर्सवर होते. एकदा ते वाक्य बोललं की त्याच्या मागोमाग आणखी काय काय येणार, हे थोरलीला दिसलं: ती वाटी, तो पेला, आईची फिरवलेली मान. झाडाबद्दलची दोन वाक्यं झाडापाशी थांबणार नव्हती.

"आली असेल कुठून तरी," ती म्हणाली. "हल्ली बाहेरून येणाऱ्या रोपांचा काही भरवसा नाही."

स्वतःचे शब्द तिनं ऐकले ते बाहेर पडल्यावर. या घरात बाहेरून एकच रोप आलं होतं.

"म्हणजे माझा नेचा."

"मी तसं म्हटलं का?"

"नाही. तू तसं कधीच म्हणत नाहीस. तू नुसती कुपी लाल ट्रेमध्ये ठेवतेस." चिमी उठली. आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला मान जरा खाली करा म्हणावं, तसा होता. "पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या शिंपीणबाई माझ्याकडे आल्या होत्या, केस कापायला. म्हणाल्या, तुझी ताई कापडाचं पान धरून किती वेळ उभी होती. म्हणाली, माझ्याच मातीत खोट होती."

थोरलीनं टेबलावरची बाटली उगाच सरळ केली.

"शिंपिणीला सांगितलंस. मला वाटलं, आज मलाही सांगशील. म्हणून आले. नाहीतर सामान बांधायचं पडलंय."

"चिमे, सांगणारच होते गं मी."

"फोनवर दोनदा वाट पाहिली. आत्ता पुन्हा विचारलं." चिमीनं चपला घातल्या. "झाडं मेली त्याचं काही नाही, ताई. झाडंच ती. पण आई तहानलेली असायची आणि दाराकडे बघत राहायची, तू कधी येतेस म्हणून. मी शेजारी बसलेली असायचे. पेला माझ्या हातात असायचा."

थोरलीनं बाटली उचलून पुढं केली. चिमीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, बाटली घेतली, आणि पाणी सांडू नये म्हणून तोंडावर तळवा धरून जिना उतरू लागली.

घेतली, एवढंच थोरलीच्या मनात आलं. घेतली तर खरी. ती रिकाम्या गॅलरीत जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं चिमी खाली रस्त्यावर दिसली. खांद्याला पर्स होती. हात मोकळे होते. कोपऱ्यापर्यंत ती सरळ चालत गेली आणि वळली.

थोरली जिना उतरली. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर एक लहान खिडकी होती. बाटली तिच्या कट्ट्यावर ठेवलेली होती. फेकलेली नव्हती, कुठंतरी टेकवलेलीही नव्हती. ऊन थेट लागणार नाही अशी, भिंतीकडे सरकवून, नीट ठेवलेली होती. झाडाची काळजी असलेल्या माणसानं ठेवावी तशी.

आतल्या बाजूला शिंपिणीच्या मशीनचा आवाज चालू होता.

थोरलीनं बाटली मानेशी धरून उचलली. सवयीनं हलकेच फिरवली. आधी जिन्याच्या काळ्या कठड्यासमोर धरली, मग पांढऱ्या भिंतीसमोर. पाणी निवळशंख होतं. मुळं स्वच्छ होती. कण नव्हता, धागा नव्हता, काहीही नव्हतं.

तिनं पुन्हा एकदा तपासलं.